नावाड्याचा नकार
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात एटापल्ली येथे केलेले भाषण)



गेल्या वर्षीच्या मेळाव्यात रात्रीची जेवणे आटोपल्यावर मंडपात जो गप्पांचा फड जमला, त्याची आठवण आपणांपैकी पुष्कळांस असेल. विषय निघाला होता सुट्टीतील नौकाविहाराचा. कोणी केरळातील आलप्पुळ्यास जाऊन हाउसबोटीत एक रात्र काढून आले होते, कोणी भद्राचलमचे रामदर्शन उरकून पुढे पापिकोंडलूच्या डोंगरांमधून गोदावरीचा प्रवास करून आले होते, तर कोणी रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर मुलांना घेऊन गेले होते. एका सुनेने पापिकोंडलूचे इतके सुरेख वर्णन केले की ऐकणाऱ्यांनी हातातील सुपारीचा तुकडा तोंडात टाकण्याचेही विसरावे. दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येत जातात, नदी अरुंद होते, आवाज थांबतात आणि पाणी काळे दिसू लागते, असे ती सांगत होती. त्यावर भामरागडकडे शिक्षक असलेला आपल्यातील एक तरुण म्हणाला, “मी तर पावसाळ्यात दर आठवड्याला डोंग्यातून शाळेला जातो, मला कोणी तिकिटाचे पैसे मागितले नाहीत, आणि वर्णनही कोणी विचारले नाही!” मंडपात हशा पिकला.

त्या हशातूनच आजच्या भाषणाचा विषय निघाला, असे म्हणावयास हरकत नाही. त्या रात्रीच्या गोष्टी स्मरणिकेत याव्यात अशी अध्यक्ष महाराजांची इच्छा होती, आणि त्या निमित्ताने मी चार शब्द बोलावेत अशी त्यांनी मला आज्ञा केली. मी ती शिरसावंद्य मानली. परंतु गोष्टी गोळा करावयास बसलो तेव्हा असे ध्यानात आले की त्यांत एक गोष्ट कमी आहे. ती सांगण्याचे धैर्य मला गेल्या वर्षी झाले नव्हते. ती आज सांगणार आहे. तत्पूर्वी थोडे मागे जावे लागेल.

आपण ढिवर. पाणी हे आपले शेत आणि डोंगा हा आपला नांगर. नौकाविहार हा शब्द आपल्या आजा-पणजांच्या कानावरही आला नसेल. लोक पैलतीरी जात, आणि त्यांना नेण्याचे काम आपले. ज्या एटापल्लीत आज आपण जमलो आहोत, तिच्या परिसरात तर ही गोष्ट अधिकच खरी आहे. बांडिया काय, पलीकडे भामरागडास एकत्र येणाऱ्या इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा काय, पावसाळ्यात या नद्यांनी रस्ता अडवला की रोग्याला, बाळंतिणीला, धान्याच्या पोत्याला डोंग्यावाचून गती नसे. पुष्कळ ठिकाणी आजही नाही. अशा मुलखातील माणसाने हौसेखातर होडीत बसण्याकरिता पैसे मोजावेत, हे प्रथमदर्शनी विनोदी वाटते खरे.

तथापि आपल्या वाडवडिलांना पाण्यावरील सुट्टी ठाऊकच नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. आमचे मूळ घर वैनगंगेच्या काठचे. १९६० नंतरच्या दशकातील गोष्ट आहे. माझे वय नऊ-दहा वर्षांचे असेल. महाशिवरात्रीस मार्कंड्याच्या जत्रेला आमचे सारे घर डोंग्यांतून जात असे. बैलगाडीची वाट होती, नाही असे नाही. पण आमचे आजोबा, ज्यांना आम्ही आबाजी म्हणत असू, त्यांना गाडीत बसणे म्हणजे शिक्षा वाटे. दोन डोंगे बांबूंनी एकमेकांना बांधून त्यांची सांगड करीत. वर तट्ट्या अंथरीत. त्यावर आजी, माझी माय, दोघी आत्या, आम्ही पोरे, तांदळाच्या भाकरींचे गाठोडे, जवसाची चटणी, सुकटीची पुरचुंडी, एक कंदील आणि महादेवाला वाहावयाचे नारळ. आबाजी मागे वल्हे घेऊन बसत आणि काका पुढे लांब बांबू घेऊन उभे राहत.

त्या दिवसांत नदी उतरलेली असते. जिथे डोह तिथे पाणी खोल, हिरवे आणि शांत. जिथे उतार तिथे घोट्याएवढे. उतार आला की आम्ही सर्वांनी खाली उतरावे, डोंगा वाळवंटावरून ओढावा, आणि पुढल्या डोहात पुन्हा चढावे. कोरड्या वाळूत डांगरवाड्या लागलेल्या असत. डांगरवाडीचा मालक ओळखीचा असे, नसला तर आबाजी ओळख काढीत, आणि एखादे डांगर हाती पडे. रात्र वाळवंटावर निघे. मार्कंड्यापाशी नदी वळण घेऊन उत्तरेकडे वाहू लागते; म्हणून ते स्थान पवित्र. त्या वळणावर पहाटेच्या धुक्यातून देवळांची शिखरे प्रथम दिसत तेव्हा आजी हात जोडी, आणि आम्हांलाही जोडावयास लावी. पुढील आयुष्यात आगगाडीचे, मोटारीचे पुष्कळ प्रवास झाले. त्या पहाटेची सर कशालाही आली नाही.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. खोल डोह आला की आजी आम्हा पोरांच्या कमरेला वाळलेला भोपळा बांधीत असे. मला त्याची लाज वाटे. जत्रेतील मुलांनी पाहिले तर काय म्हणतील? पोहता येते म्हणून मी कुरकुर केली तर आजी म्हणे, “पोहता येते ते तुला. पाण्याला ठाऊक आहे काय?”

एका वर्षी परतीच्या दिवशी पैलतीरावर जाण्याकरिता माणसांची गर्दी झाली होती. दुपार कलली होती आणि वारा सुटला होता. आबाजींनी सांगडीत माणसे घेण्याचे थांबविले. तेवढ्यात गावातील एक वजनदार गृहस्थ आपल्या पाहुण्यांसह आले. त्यांचा आमच्या घरावर उपकार होता, थोडे कर्जही होते. पाच-सहा माणसे अधिक घ्यावी, दुप्पट पैसे देऊ, असे ते म्हणाले. आबाजी उभे राहिले, त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “महाराज, पाणी आज माझे ऐकत नाही, आपण तरी ऐका.” गृहस्थ संतापले. बरेच बोलले. जे बोलले ते या मंडपात उच्चारण्याजोगे नाही. आबाजींनी खाली मान घालून सर्व ऐकून घेतले, आणि सांगड काठाच्या झाडाला बांधून टाकली. रात्र सर्वांनी वाळवंटावर काढली. सकाळी वारा पडल्यावर आबाजींनी तीन खेपा करून सर्वांस पोहोचविले, आणि त्या गृहस्थांकडून एकाच खेपेचे पैसे घेतले.

त्या संध्याकाळी सांगड बुडाली असती काय? हे कोणीही सांगू शकणार नाही. नावाड्याने नकार दिला आणि तो योग्य होता, तर त्याचा पुरावा मागे उरत नाही. नकार दिला नाही आणि तो चुकला, तर मात्र साऱ्या जगाला कळते. आबाजींना त्या दिवसाबद्दल शाबासकी मिळाली नाही. उलट पुढे वर्षभर त्या घराशी आमचे बोलणे बंद होते.

आपल्या समाजाला रामायणातील केवटाची कथा सांगावयास नको. आपण त्याच्या भक्तीची थोरवी गातो, ते योग्यच आहे. परंतु मला त्या कथेतील दुसरीच गोष्ट मोठी वाटते. तुलसीदासांच्या रामचरितमानसात प्रत्यक्ष प्रभू गंगातीरी उभे राहून नाव मागतात, आणि केवट ती आणीत नाही! त्याचे म्हणणे असे की, आपल्या पायधुळीने शिळेची स्त्री झाली. माझी नाव तर लाकडाची, तिचेही तसेच झाले तर मी पोट कशावर भरू? आधी पाय धुऊ द्या, मगच नाव मिळेल. आणि प्रभू रागावत नाहीत. हसतात, आणि पाय पुढे करतात. पैलतीरी गेल्यावर सीतामाई उतराईची अंगठी देऊ करते, तीही केवट घेत नाही. काठावर उभ्या असलेल्या माणसाची योग्यता कितीही थोर असो, नाव केव्हा सुटावयाची हे नावाडी ठरवील, असा त्या प्रसंगाचा अर्थ मी करतो. शास्त्री मंडळींना तो मान्य होईल की नाही कोण जाणे.

आता आजच्या काळाकडे येतो. आपल्या या नद्यांवर मोठमोठ्यांची दृष्टी पूर्वीपासून आहे. इंग्रजी अमलात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, वऱ्हाडचा कापूस नदीमार्गे समुद्राला न्यावा असे सर आर्थर कॉटन यांच्या विचाराच्या इंजिनियरांनी मनात घेतले होते. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि आपल्या प्राणहितेवरील देवलमरी, असे खडकांचे तीन मोठे अडथळे होते. ते बांध आणि कालवे यांच्या साह्याने ओलांडावयाचे होते. कॅप्टन हेग यांनी त्यावर वर्षानुवर्षे खपून काम केले. सिरोंचा हे त्या वेळी अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. पैसा फार लागला, इकडे आगगाडी आली, आणि १८७१ साली ते काम सोडून देण्यात आले. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, २०१६ च्या कायद्याने देशातील १११ जलमार्ग राष्ट्रीय म्हणून घोषित झाले, त्यांत वैनगंगा-प्राणहितेचा सुमारे १६६ किलोमीटरचा मार्ग १०९ व्या क्रमांकावर आहे. पुष्कळांस हे नवीन वाटेल. ज्या वाटेने आबाजी आम्हांस जत्रेला नेत, तिचा काही भाग कागदोपत्री राष्ट्रीय जलमार्ग आहे! त्यावर आगबोटी धावतील तेव्हा धावोत. परंतु सहलीच्या नावा आज ना उद्या येतील, हे मला स्पष्ट दिसते, आणि त्या चालविणारे हात बहुधा आपल्याच मुलांचे असतील. आलप्पुळ्याच्या हाउसबोटी तरी दुसऱ्या कोठून आल्या? त्या मुळात भात वाहून नेणाऱ्या केट्टुवळ्ळम नावा. खिळा न मारता, फळ्या काथ्याने शिवून केलेल्या. मालाची वाहतूक रस्त्याने होऊ लागली, नावा पडून राहिल्या, आणि मग त्यांवर छपरे चढवून पाहुण्यांची सोय झाली. आपल्यातील जे कुटुंब तेथे जाऊन आले, त्यांतील आजोबांनी म्हणे रात्रभर झोप न घेता नावेचे सांधे चाचपून पाहिले. सुनेने ही तक्रार म्हणून सांगितली. मला ती फार आवडली.

परंतु नदी आबाजींच्या वेळची राहिलेली नाही. त्यांना आभाळ, वारा आणि पाण्याचा रंग पाहून नदीचे मन कळे. आज वर गोसीखुर्दचे धरण आहे, चामोर्शी तालुक्यात चिचडोहचा बंधारा आहे, खाली सिरोंच्याजवळ गोदावरीवर मेडिगड्डा आहे. दारे कोठे उघडली, कोठे मिटली, त्यावर पाणी चढते आणि उतरते. निरभ्र आभाळाखालीही नदी फुगते. ज्याने नुसते आभाळ पाहिले, तो फसेल. म्हणून नावाड्याचा नकार पूर्वी जेवढा आवश्यक होता, त्याहून आज अधिक आहे. आणि नकार ऐकण्याची आपली सवय मात्र सुटत चालली आहे, कारण आपण तिकीट काढलेले असते.

त्या सुनेने ज्या पापिकोंडलूचे वर्णन केले, त्याच वाटेवर देवीपट्टणजवळ कच्चुलूरू येथे १५ सप्टेंबर २०१९ रोजी सहलीची एक मोठी नाव गोदावरीत उलटली. नदीला पूर होता. चाळीसहून अधिक माणसे गेली. सुट्टीकरिता निघालेली, मुलाबाळांसह निघालेली. ती नाव खोल पाण्यात गाळात रुतून बसली होती. अखेर काकिनाड्याचे धर्माडी सत्यम आणि त्यांचे साथीदार यांनी दोर व लोखंडी नांगर टाकून टाकून ती शोधली आणि ऑक्टोबरात बाहेर ओढली. पाण्याशी जन्म काढलेली माणसे शेवटी बोलवावी लागली. ती सुटण्यापूर्वी त्यांना कोणी विचारले असते तर?

आणि दूर कशाला जावे? २३ जानेवारी २०२४ रोजी आपल्याच जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यातील गणपूरच्या स्त्रिया मिरची तोडण्याच्या कामाला नदीपार निघाल्या असता त्यांची नाव वैनगंगेत उलटली. त्या सहलीला निघाल्या नव्हत्या. मजुरीला निघाल्या होत्या. त्यांतील अनेकजणी परत आल्या नाहीत. त्या घरांच्या दुःखावर मी भाष्य करणार नाही. एवढेच म्हणतो की सहलीच्या नावेला आज लाइफ जॅकेटची सक्ती आहे, निदान बोलण्यात तरी आहे. मजुरीच्या डोंग्याला आजीचा भोपळासुद्धा उरलेला नाही.

आता जी गोष्ट सांगावयाची राहिली होती, ती सांगतो.

काही वर्षांपूर्वी घरातील लग्नानंतर आम्ही नातेवाईक मंडळी एका जलाशयावर सहलीस गेलो होतो. आम्ही चौदाजण होतो, त्यांत चार मुले. यांत्रिक नाव होती. ती चालविणारा मुलगा वीस-बावीस वर्षांचा असेल. तो म्हणाला, दहाच माणसे घेईन, दोन फेऱ्या करू. ऊन उतरत होते, मंडळींना परतण्याची घाई होती, आणि मी घरातील वडील म्हणून पुढे होतो. मी त्याला हसून म्हणालो, “अरे, आम्ही ढिवर आहोत. आम्हांला पाणी शिकवतोस काय?” सर्वजण हसले. मुलगाही कसेबसे हसला आणि त्याने नाव सोडली.

जलाशयाच्या मध्यास वारा आला. लाट कड्यावरून आत आली. एकदा, दोनदा, मग प्रत्येक वेळी. लाइफ जॅकेटे होती; परंतु ती बाकाखाली एकत्र बांधून ठेवलेली होती, आणि ओल्या दोराची गाठ सुटेना. जेवणाच्या डब्यांनी आम्ही पाणी उपसले. माझी धाकटी नात माझ्या हाताला धरून बसली होती. ती रडली नाही, काही बोललीही नाही, नुसते माझ्या तोंडाकडे पाहत होती. मुलाने यंत्र हळू केले, नावेचे तोंड वाऱ्याकडे धरले आणि जवळचा काठ गाठला. जेथून निघालो तो नव्हे, जो जवळ होता तो. त्यानेच आम्हांला वाचविले. काठावर उतरल्यावर तो दगडावर बसला आणि त्याचे हात थरथरत होते. मी त्याचे नाव विचारले. आडनाव ऐकून कळले की मुलगा आपल्यातलाच.

घरी परतल्यावर आम्ही ही गोष्ट गंमत म्हणून सांगू लागलो. डबे घेऊन पाणी कसे उपसले, मावशीची चप्पल कशी वाहून गेली. मीही सांगत होतो. एकदा नात म्हणाली, “आजोबा, त्या दादाने नाही म्हटले होते, ते तुम्ही सांगतच नाही.”

ती खरे बोलत होती. माझ्या गोष्टीतून तेवढाच भाग गळला होता. आणि मला आबाजींसमोर उभ्या असलेल्या त्या वजनदार गृहस्थाची आठवण झाली. त्याच्या जागी मी उभा होतो. फरक एवढाच की आबाजी वाकले नाहीत, आणि त्या पोराला वाकावे लागले. त्याची नोकरी होती. तिकिटाचे पैसे परत करण्याचा अधिकार त्याला नव्हता. आबाजींचा डोंगा त्यांचा स्वतःचा होता.

म्हणून, बंधुभगिनींनो, या मेळाव्यापुढे माझी एक विनंती आहे. गेल्या वर्षीच्या सहलींच्या गोष्टी स्मरणिकेत जरूर छापाव्यात. त्या गोड आहेत. परंतु त्यांच्याबरोबर नकाराच्या गोष्टीही छापाव्यात. कोणत्या घाटावर, कोणत्या महिन्यात, कोणता वारा पाहून आपल्या वडीलधाऱ्यांनी डोंगा बांधून ठेवला होता, ते ज्यांना आठवते त्यांनी सांगावे. हे ज्ञान कोठे लिहिलेले नाही, आणि सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

दुसरे असे की, २०२१ साली अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा झाला आहे, आणि यंत्राविना चालणाऱ्या नावांचाही त्यात विचार आहे. कायदा आपल्या घाटापर्यंत केव्हा पोहोचेल तेव्हा पोहोचो. तोपर्यंत या स्मरणिकेच्या जाहिरातींपासून जे उत्पन्न होते, त्यातील एक वाटा लाइफ जॅकेटांकरिता ठेवावा, असे मी सुचवितो. ती सहलीच्या नावांकरिता नव्हेत. मिरचीच्या हंगामात आणि शिवरात्रीस जे डोंगे आपल्या बायकामुलांना घेऊन निघतात त्यांच्याकरिता. ती बाकाखाली बांधून ठेवू नयेत, अंगावर असावीत. तरुणांना ती घालण्याची लाज वाटेल, हे मी जाणून आहे. मला भोपळ्याची वाटत असे.

तिसरी गोष्ट आपल्या मुलांविषयी. त्यांतील जो कोणी सहलीच्या नावेवर कामाला लागेल, त्याला “नाही” म्हणता यावे, आणि तसे म्हटल्याबद्दल त्याची भाकरी जाऊ नये, याकरिता समाजसंस्थेने त्याच्या पाठीशी उभे राहावे. मालकाकडे जाऊन बोलण्याची वेळ आली, तर माझे नाव पहिले घालावे. मी त्या कामाला अधिक लायक आहे असे नाही. परंतु मला त्याचे देणे आहे.

मंडपाच्या दाराशी एक कोरी वही ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर मी आबाजींची आणि त्या मुलाची, अशा दोन्ही गोष्टी लिहिल्या आहेत. नातीने वाचून पाहिल्या. यावेळी काही गळलेले नाही, असे तिचे म्हणणे आहे. जेवणापूर्वी ज्यांना सवड होईल त्यांनी पुढील पाने भरावीत. लिहिता येत नसेल त्यांनी सांगावे, शाळेतील मुली लिहून घेतील.